क्ष

महापालिकेच्या कागदावर टाइप केलंय :
'स्वातंत्र्यसैनिक सतीश भादुडी मार्ग.
अक्षरं पांढरी, मागे निळा, चार फूट बाय दीड.'
खाली शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीवर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.

अजनीच्या या गल्लीत
नवतपाचं ऊन शिडीच्या लोखंडात शिरलंय,
हात लावला की चटका.

"सतीश नाही रे बाबा," बिभा मासीमा फाटकातून म्हणतात,
"खितीश. तुमच्यात लिहितात क्ष.
आमच्या तोंडात त्याचा ख होतो,
आणि तुमच्या साहेबांच्या कानात त्याचा स झाला."

त्याच्या जिल्ह्यात त्याच्या एका शब्दावर तीन बाजार बंद व्हायचे.
इथे तो अकरा रात्री गप्प होता,
मासीमांच्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरात.
शेजाऱ्यांना सांगितलं : मावसभाऊ, विषमज्वर.
खिडकीला ओलं पोतं, उशाशी औषधाची बाटली,
बाटलीत गुळाचं पाणी.
कटकला हरिपद, रायपुरात रामदुलार,
इथे नुसता 'पेशंट'.
खरं नाव त्याने आईच्या पत्रातसुद्धा लिहिलं नाही.

मोळी विकणाऱ्या झिंगराबाईनं मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं.
तापातल्या माणसाचे तळपाय
असे चालून चालून फुटलेले नसतात.
बोलली नाही काही. दुसऱ्या दिवशी मोळीच्या पोटात
अंबाडीची जुडी आणि कुपीभर जवसाचं तेल.
पोलिस आले तेव्हा म्हणाली,
"मले का मालूम जी, मी तं लाकडं इकतो."
दोन थोबाडीत खाल्ल्या.
तरीही लाकडंच.

पुढचं मासीमा भरभर सांगतात, जणू आत दूध उतू जातंय :
बाराव्या दिवशी घरातल्या बाळाला खरा ताप आला.
डॉक्टर बोलवायचा तर दार उघडावं लागणार,
म्हणून तो पहाटे मालगाडीच्या धुरात निघाला
आणि इतवारीच्या फलाटावर सापडला.
सहा वर्षं तुरुंग, मग संप, मग पुन्हा तुरुंग,
मग स्वातंत्र्य.
तेव्हा त्याचं गाव नदीपलीकडे
दुसऱ्या देशात राहिलं.
निवडणुकीला एकदा उभा राहिला. अनामत गेली.

एकदाच परत आला नागपुरात. मासीमा तेव्हा सहा वर्षांच्या.
झिंगराबाईचं घर विचारत फिरला,
घर नव्हतं, ती तर नव्हतीच.
मग आमच्या पायरीवर बसून एक संत्रं सोललं,
फोडी पोरांना वाटल्या
आणि बिया तेवढ्या रुमालात बांधल्या.
"कुठे लावणार, हे विचारलं नाही आम्ही.
विचारायला हवं होतं ना?"

मी कागद पुन्हा वाचतो.
बिल कागदाप्रमाणेच निघतं.
एक अक्षर बदललं तर फाइल परत झोन ऑफिसात,
आणि पोरीची फी सोमवारी.
शिवाय उभा जन्म ज्यानं खोटी नावं पांघरली
त्याला आणखी एक काय जड होणार?
असं स्वतःला म्हणून बघतो.
पटत नाही.

मासीमा आत जातात,
तेव्हा मी चांगल्या रंगाचा डबा उघडतो,
घराच्या दारासाठी ठेवलेला.
क्ष नीट यायला मनगट सैल लागतं :
आधी गाठ, मग पोट, मग उभा दांडा.
पूर्ण नाव लिहितो. त्याच्याखाली, बारीक,
कुणी न सांगितलेलं : झिंगराबाई.
जेवणाच्या सुट्टीभर वाळू देतो.
मग वर निळ्याचा एक पातळ हात
आणि त्यावर कागदाप्रमाणे सतीश.

साहेब येतात, फोटो काढतात, जातात.
मासीमा पाटी वाचतात,
माझ्याकडे बघत नाहीत.

मी शिडी दुमडतो.
नागपूरचं ऊन आहे.
स्वस्तातला निळा दोन उन्हाळे धरतो,
फार तर तीन.