आतून कडी

टेबलावर दोन कोटेशनं, वर पेपरवेट म्हणून जुनं बेअरिंग.
एक हेरंब तांबटाचं : शीतगृहाची प्रतिकृती, एकास दोनशे,
अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड, आत दिवे, काचेची पेटी वेगळी.
दुसरं मृण्मयी गायधनीचं : नव्वद सेकंदांचं अ‍ॅनिमेशन,
दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे.

मी अंबडच्या ऑफिसात खरेदी बघते.
साहेब म्हणाले, एकच घ्या.
मोहाडीचे द्राक्षवाले मंगळवारी येतायत.

मृण्मयीने लॅपटॉप उघडला.
क्रेटांच्या फटींतून निळे बाण निघाले,
घडामागून घड गार होत गेला,
लाल आकडा उतरत उतरत चारवर थांबला.
हवा अशी दिसते, मला माहीत नव्हतं.

हेरंबच्या पेटीत हवा दिसत नाही.
तिथे सुतळीएवढे पाइप, स्पंजची झाडं
आणि गेटाशी तांदळाएवढा एक माणूस,
ज्याचे पैसे त्याने लावलेले नाहीत.
"आजोबा जुन्या नाशकात तांब्याला ठोके द्यायचे,
मी फेविक्विक लावतो," म्हणाला.
बोटांची कातडी काचेसारखी चकाकत होती.

मी दोन्ही घेतली.
साहेबांना सांगितलं, यातलं एक सॅम्पल आहे.

मंगळवारी अंधार केला. निळ्या बाणांना माना डोलल्या.
दिवे लागले, चहा आला.
तेवढ्यात शेवंताबाई मोगल उठल्या. आज संचालिका,
आधी अकरा वर्षं पॅकिंगला उभ्या.
चष्मा लावून पेटीवर वाकल्या,
नखाने इवलंसं दार ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं.
"हे बाहेरून लागतं.
आत बाई राहिली तर?"

साहेब म्हणाले, ते अ‍ॅनिमेशन पुन्हा लावा.
लावलं.
कॅमेरा सरळ भिंतीतून आत शिरला.
त्याला दार लागलंच नव्हतं.

"ड्रॉइंगमध्ये होतं तसं केलं," हेरंब पुटपुटला.
मृण्मयीनेही त्याच ड्रॉइंगमध्ये हवा सोडली होती.
ड्रॉइंग आमचं.

हेरंबने कॉलरची टाचणी काढली,
पकडीने वाकवली,
जीभ दातांत धरून
दाराला तिथंच आतून कडी बसवली.
मृण्मयीने वहीत लिहिलं : तिसरी दुरुस्ती.
पुढे रक्कम लिहिली, आणि खोडली.

बिलं टेबलावर आहेत, वर तेच बेअरिंग.
साहेब रोज विचारतात,
यातलं सॅम्पल कुठलं होतं?