छाट

चिठ्ठीत लावण्याला 'अनुकूल' निघालं.
विषय: युद्धात अणुबॉम्ब वापरणं कधी योग्य असू शकतं का.
तीन मिनिटं. घंटा वाजली की थांबायचं.

अशोक चौकामागं आमची एक खोली.
खिडकीकडं मी, जेकार्डची कार्डं पाडत.
दाराकडं राजमणी, मांडीवर सूप, सुपात तेंदूपान.
मधल्या फरशीवर पोरगी वहीत मांडत होती:
इतके मेले.
लढाई लांबली असती तर इतके मेले असते.
वजा केले की उरतात ते वाचलेले.
"बरोबर आहे ना, नाना?"

मी म्हटलं, हिशोब बरोबर आहे.
माझा धंदाच तो.
भोक असेल तिथं सूत वर उचललं जातं,
नसेल तिथं खाली राहतं.
मोर का, कमळ का,
हे कार्डानं विचारायचं नसतं.

राजमणीनं मान वर केली नाही.
तिच्या हजार विड्या रोज ब्रँचला जातात.
चेकर मूठभर उचलतो, दाबतो, बाजूला टाकतो.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही मिळत नाही.
ती म्हणाली,
"तुझ्या वजाबाकीत छाट कोणी काढली गं?
काढणाऱ्याच्या घरचं एक तरी होतं का त्यात?"

"आई, ते प्रतिकूलवाले बोलतील."

शेजारचे शिवशरण बिराजदार उंबऱ्यात टेकले होते,
पोरगा फौजेत, बर्फात कुठंतरी, दीड महिना फोन नाही.
म्हणाले, "खोटं कशाला बोलू,
माझा मल्लू उद्या घरी येतो म्हणाले
तर मी बटण दाबीन.
मग आयुष्यभर जेवण गोड लागणार नाही,
पण दाबीन."
कोणी काही बोललं नाही.
सुपातली कात्री तेवढी चालत राहिली.

वाचनालयाच्या पुस्तकात एक फोटो होता.
बाईची पाठ.
मी आधी डिझाइन म्हणूनच बघितला, सांगायला लाज वाटते.
तिरपी चौकडी, रिपीट लहान, काम स्वच्छ.
मनात म्हटलंसुद्धा, वीणकर चांगला.
मग खालची ओळ लावण्यानं वाचली:
कापडातल्या काळ्या धाग्यानं ती आग ओढून घेतली,
पांढऱ्यानं परतवली,
आणि नक्षी कातडीवर उतरली.

एवढं तर आम्हाला ठाऊक आहे.
चव्वेचाळीस डिग्रीत सोलापुरात शाळेला निघालो
की अम्मा ओरडायची,
काळं घालू नको रे, ऊन धरतं.
तिला त्या सकाळी कोणी ओरडलं नसेल.
आणि तिकडंही कोणीतरी चष्मा पुसत बसला असेल,
चौकडीसाठी काळा घ्यावा की निळा,
गिऱ्हाइकाला काय आवडेल,
एवढाच विचार करत.

स्पर्धेत लावण्या चांगली बोलली.
हात कुठं न्यायचा, थांबायचं कुठं, सगळं जमलं.
दुसरा नंबर, एक स्टीलचा डबा,
परीक्षकांचा शेरा: मुद्देसूद.
घंटा वाजली तेव्हा एक वाक्य राहिलं होतं.
कोणतं, विचारलं
तर म्हणाली, आठवत नाही.
डबा तिनं अजून फळीवर मांडलेला नाही.

रात्री ऑर्डरचं काम काढलं.
सहाशे चादरी, काळ्यावर पांढरा मोर,
शुक्रवारी द्यायच्या.
तीस वर्षं माझं मोजणं चुकलं नव्हतं.
दोनशे चौदाव्या कार्डात चुकलं,
काळं राहायला हवं तिथं भोक पडलं.

"छाट का?" राजमणीनं विचारलं.

कागदाची चिकटी लावली की बुजतं,
कार्डाचं भोक.
चिकटी हातात घेऊन बसलोय.