बरोबर

गुंट नदीच्या वरच्या अंगाला पामीरात एक खोली आहे,
तिलाच बालवाडी म्हणायचं.
शेगडीत वाळलेलं शेण, फुटक्या काचेला पुठ्ठा,
आणि गुलसिफत बाई
रुमालाची गाठ घट्ट करत
सतरंजीवर ओततात
छपरावर सुकवलेले जर्दाळू.
बारा.

आकडा त्या सांगत नाहीत,
फळ्याकडे तर बघतही नाहीत.
"कुणी रुसणार नाही असं वाटा," एवढंच.

शोदमोन आधी मूठच भरतो.
झर्रागुल त्या मुठीवर चापट मारते.
मग सुरू होतं ते जुनं,
पाढ्यांहून जुनं:
एक तुला, एक तिला, एक मला,
एक तुला, एक तिला,
इथे नेककदम शिंकते,
कुणाची पाळी होती ते सगळेच विसरतात,
पुन्हा ढीग, पुन्हा पहिल्यापासून.

चार. चार. चार.
जो तो दुसऱ्याची रांग मोजतो,
स्वतःची कुणीच नाही.

"माझा हा बारका आहे."
शोदमोनचा ओठ बाहेर.
बाई गप्प.
झर्रागुल तो बारका उचलते, वास घेते,
आपला एक टप्पोरा त्याच्यापुढे टाकते
आणि म्हणते, बारका जास्त गोड असतो.
खरं की खोटं, तिलाच ठाऊक.

तेवढ्यात दार करकरतं.
इमोमयोर.
बुटात बर्फ, नाक लाल.
बाप तीन वर्षं रशियात विटा रचतोय,
शेळी सुटली तर शोधायला घरात हाच एक पुरुष,
वय साडेपाच.
तो सतरंजीकडे बघतो
आणि लगेच, बघितलंच नाही असा,
पुठ्ठ्याच्या खिडकीकडे.

कोपऱ्यात पाहुणा म्हणून बसलेला मी
मनात मांडतो: बारा भागिले चार.
उत्तरापर्यंत पोचायच्या आत
नेककदमने एक सरकवलेला असतो.
झर्रागुलने एक.
शोदमोन वेळ घेतो,
सगळ्यात मोठा पाठीमागे लपवतो,
छताकडे बघतो,
मग तोच काढून देतो.

तीन. तीन. तीन. तीन.

"बरोबर!" नेककदम ओरडते.
मी मान हलवतो, हो, उत्तर बरोबर.
बाई हसतात.
इथे त्या शब्दाचा अर्थ नुसता सारखं,
चुकण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.
माझ्याकडे तोच शब्द
कुणाच्या तरी सोबत असण्यालाही लागतो,
हे मला सांगायचं असतं,
पण तोंडात जर्दाळू असतो.
(तेरावा. बाईंनी पदराआडून काढावा तसा
कोटाच्या खिशातून काढून दिलेला.)

खाऊन झालं.
आता आठळ्या फोडायच्या, आतला गर खायचा.
दगड एकच आहे.
चौघांचे हात एकदम त्याच्यावर पडतात,
आणि बाई, पहिल्यांदाच,
माझ्याकडे बघतात.