ओठांवरचं

श्रावणीला बघायला आले होते
भिवंडीहून सहाजण, एका गाडीतून.
मुलाचे काका, गाजूल, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
"तुमच्या नीलम नगरात पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणे,
तेही रात्री अडीचला.
तुम्हीच तर लिहिलंय."

श्रावणीनं माझ्याकडे बघितलं,
आईनं छताकडे.
काका हसत होते. माणूस वाईट नव्हता.
घरातल्यांची नावं टाकून बघितली, म्हणाले,
तुमचं वरच आलं.

पाहुणे गेले. ताटात दोन भजी उरली होती,
ती उभ्याउभ्या खाल्ली
आणि गच्चीवर जाऊन
आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शोधलं:
श्रीलता मादगुंडी, सोलापूर.
नाव-आडनाव साधं असतं
तर गर्दीत हरवले असते.
मी एकटीच निघाले.

पाणी होतं. बादल्यांच्या मधे बसून लिहिलेलं,
झोपमोड झालेल्या माणसानं
कुणालातरी सांगावं तसं.
त्याच्याखाली शेंगाचटणीवरून घातलेला वाद
(लसूण किती, यावरून मी इतकी का भांडले?)
बाळीवेशीतल्या एका शिंप्याला ठेवलेली नावं,
गेल्या वर्षी वारला तो.
एक प्रश्न: बिडी वळून वळून
आईच्या नखात बसलेली काळी रेघ
कशानं जाते?
उत्तर कुणीच दिलं नव्हतं.
आणि बावीस वर्षांची असतानाचं एक वाक्य,
"आमच्या घरात माझं कुणाला ऐकूच येत नाही."

हे मी लिहिलं नव्हतं. बोलले होते.
म्हणजे बोटांनीच, पण बोलले होते.

बोलणं आमच्याकडे असंच.
पत्र्याच्या शेडमध्ये चार माग,
सकाळी सातपासून खट् खटाक, खट् खटाक.
ओरडून सांगायचं, अर्धं पोचायचं,
उरलेलं टॉवेलच्या तुसात मिसळून
संध्याकाळी केरसुणीनं बाहेर.
मला वाटलं, हेही तसंच.
एवढी माणसं एकदम बोलतायत,
माझं कोण वेचून ठेवतंय?

मग आठवलं.
नववीत असेन. कांड्या भरायच्या सोडून
मागाआड उभी राहून नायनांना
बापाला बोलू नये ते बोलले होते,
पुटपुटत, तोंडातल्या तोंडात.
नायना पार चौथ्या मागावर.
त्यांनी मान वर केली, परत खाली घातली.
धोटा चालूच.
रात्री भाकरी मोडताना म्हणाले,
"कान गेले माझे. डोळे नाही गेले.
तीस वर्षं ह्या आवाजात
आम्ही एकमेकांशी कसं बोलतो वाटतं तुला?"

नंतर कितीतरी दिवस
मी तोंडावर हात धरून बोलायचे.

पुसायला गेले.
जुन्या नंबरावर आकडे पाठवतो म्हणे,
तो नंबर हिप्परग्याच्या तळ्यात आहे,
चार वर्षं झाली, मोबाईलसकट.
शिंपी निघाला नाही. आईचं नखही नाही.

चौथ्या दिवशी भिवंडीचा होकार आला.
काकांनी निरोपाखाली विचारलं होतं,
पाणी आलं का?

आलं, त्याच रात्री. नळ आधी फुसफुसला,
आई उठली, श्रावणी उठली,
नायनांना हलवावं लागतं.
मी पाइप धरून पिंपापाशी.
अर्धं पिंप भरलं असेल, तेव्हा दिसलं,
दारातल्या बल्बखाली उभे राहून
नायना माझ्या तोंडाकडे बघतायत.
"काय बोलूलालीस?"

काहीच बोलत नव्हते मी.
बहुतेक.