पूररेषा

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलंय:
कोठावदे बाईंवर चारशे शब्द, सोमवारपर्यंत,
विद्यार्थिनी या नात्याने. खाली पेनाने: टीका नको.

तर सटाण्यापासून सुरुवात करते,
जिथे त्यांच्या वडिलांचं भुसाराचं दुकान होतं
आणि मोडीतल्या जुन्या खातेवह्या पुड्या बांधायला फाडल्या जायच्या.
बाई आठ वर्षांच्या. गुळाच्या पुडीचा कागद
चाटून साफ केला आणि वाचायला बसल्या.
(हे त्या प्रत्येक सभेत सांगत.
मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गूळ नव्हता, हळद होती.)

मग नाशिक. गंगापूर रोडचं कॉलेज,
जिन्याखाली इतिहास विभाग,
एक टेबल, एक भिंग, बावीस वर्षं.
प्रबंध गोदावरीच्या पुरांवर.
सुट्टी लागली की पहाटेच्या एसटीने पुणं,
दफ्तरातले रुमाल सोडायचे, शिंकायचं, उतरवून घ्यायचं.
आम्हाला सांगायच्या,
कागद खोटं बोलला तर बोलू दे,
तुम्ही त्याच्या वतीने बोलू नका.
जिथे कसरीने भोक पाडलंय
तिथे लिहा: इथे भोक आहे.

पान दोनशे चौदा, तळटीप तीन:
'पाणी सरकारवाड्याचे नवव्या पायरीस लागले.'

त्या तळटिपेवर उभं राहून
बाईंनी नदीकाठच्या इमारतींविरुद्ध मोर्चा काढला.
तांबट आले, फुलवाल्या आल्या, आम्ही एम.ए. भाग दोनवाले.
नकाशावरची निळी रेघ नवव्या पायरीच्या उंचीने ओढा,
एवढीच मागणी.
कोणीतरी म्हणालं, बाई, उभ्या राहा.
त्या राहिल्या. नगरसेविका, मग स्थायी समिती.
साडी सुतीच राहिली.
भाषणात सन चुकला तर थांबून दुरुस्त करत
आणि लोक हसत, त्यांना वाटे विनोद आहे.

हरकतींच्या सुनावणीला मी फाईल घेऊन गेले होते.
रेघ दोन पायऱ्या खाली सरकायची होती.
पुरावा आहे, मी म्हटलं.
कोणता?
तुमचाच प्रबंध, बाई. पान दोनशे चौदा.
पंखा फिरत राहिला. मग वर न बघता:
'तो आकडा तेव्हा माझ्याकडून चुकीचा वाचला गेला. सात आहे.'
इतिवृत्तात तशी नोंद झाली.
पुढच्या वर्षी त्या आमदार झाल्या.

मी पुण्याला गेले. रुमाल सोडला, शिंकले.
'पाणी सरकारवाड्याचे', स्वच्छ.
'पायरीस लागले', स्वच्छ.
मधे मोहरीएवढं भोक.
त्यातून खालचं टेबल दिसत होतं.

दुतोंड्या म्हणणं सोपं आहे.
नदीत तसा मारुती उभाच आहे,
आणि पेपरवाल्यांचं ते शीर्षक देऊनही झालं.
माझं दुखणं सातचं नाही.
नऊ ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत
मी पहिल्या रांगेत होते,
आणि ती टाळी मला अजून परत घेता येत नाही.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये धरण सोडलं.
सराफ बाजारात पाणी,
आणि आमदार कोठावदे, गमबूट घालून, हातात बॅटरी,
सरकारवाड्यासमोर ओठ हलवत पायऱ्या मोजतायत.
पाणी आठवीला लागून उतरलं.
सात आणि आठच्या मधे
नवे चार तळमजले होते.

काल भेटून आले. आता फारसं दिसत नाही त्यांना.
'किती मतांनी पडले, लिहिलंस का?'
दोन हजारांच्या आसपास, मी म्हटलं.
'आसपास?'
आणि त्या भिंग शोधू लागल्या,
गादीवर, उशीखाली,
जे त्यांच्या मांडीवरच होतं.
मी काही बोलले नाही.

समितीस: लेख सोबत जोडला आहे.
एका ठिकाणी थोडी जागा मोकळी सोडली आहे.
छापताना ती भरू नये.