नावे आणि जमा

बेर्गामोच्या वरच्या खोऱ्यात,
नदीकाठच्या एका गावात माझं औषधांचं दुकान.
दारावर विजेचा हिरवा क्रूस,
तो आळीपाळीने वेळ दाखवतो आणि तापमान.
मार्चच्या त्या आठवड्यांत
लोक तापमान तेवढं विचारत, तेही स्वतःचं.

मास्क नाहीत. थर्मामीटर नाहीत.
पाटी लावली तरी माणसं आत येऊन विचारत,
जणू पाटी दुसऱ्या कुणासाठी आहे.
मागच्या खोलीत इलारिओ
अल्कोहोल, ग्लिसरीन, पेरॉक्साइड मोजून मिसळत बसे,
लिंबू सरबताच्या बाटल्यांत भरे;
लेबलवर ठसठशीत अक्षरांत : पिऊ नये.
तुम्ही ओळखत नाही आमच्या गावाला.

डॉक्टर गाव्हाझेनी तापाने पडले
तेव्हापासून त्यांचे फोन माझ्याकडे येऊ लागले.
मी डॉक्टर नाही, असं आधी म्हणायचे,
आणि मग उत्तर द्यायचेच.
सेराफिना बोनोमीला विचारलं, ओठ कसे दिसतायत?
फोनवर रंग विचारणं अवघड असतं.
आरशापर्यंत गेली असावी. धापा ऐकू आल्या.
"तुझ्या त्या जुन्या स्वेटरसारखे," ती म्हणाली,
आणि मी सिलिंडर काढायला उठले.

सिलिंडर एकूण तेवीस. पांढऱ्या खांद्यांचे,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे भिंतीला टेकलेले.
एक वही केली, रेघा मीच मारल्या :
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
भाषा हिशेबाचीच,
पण नावे म्हणजे नावंच होती.

दुसऱ्या आठवड्यात भिंत मोकळी झाली.
मी दारावर चिठ्ठी लावली :
रिकामे सिलिंडर कृपया लवकर आणून द्या.
किती निर्दय वाक्य होतं ते,
हे आणून देणाऱ्यांनी मला कधी सुनावलं नाही.

रिकामं भांडं वाजतं म्हणतात.
हे वाजत नाही.
काउंटरपाशी ते टेकवून एखादी सून उभी राहते,
हातमोज्यांतले हात कुठे ठेवावेत कळत नाही तिला,
आणि मी काही विचारत नाही.
सोळा नंबर. तारीख. जमा.
स्पिरिटचा बोळा.
झडपेला दोऱ्याने बांधलेली कुठल्याशा संताची तसबीर
सोडवून तिच्या हातात देते.
नवी नळी, नवा मास्क,
आणि टेपच्या रेघेवर तिसरा उभा असलेला माणूस
कधीपासून नजरेनेच त्याला धरून आहे.
त्या एका सोळा नंबरने पाच घरं पाहिली.
आतून.
पोस्टमनला नसेल एवढं त्याला गाव माहीत.

एका संध्याकाळी बत्तिस्ता मोयोलीचा मुलगा आला.
दुपारीच घेऊन गेला होता.
उचलायला गेले, तर खांद्याला हिसका बसला.
भरलेला. सील तसंच.
"मी जिन्यात होतो," तो म्हणाला.
एवढंच.
दहा मिनिटांत तो सिलिंडर वरच्या आळीत निघाला,
इलारिओच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा बांधून.
मोयोलीच्या ओळीवर जमा लिहिताना
पेन चालेना.
शाई होती.

मे महिन्यात सेराफिना आली. चालत.
चाकांच्या भाजीच्या पिशवीत सिलिंडर,
चढावर दोनदा थांबलेली.
"हा गळतो," तिने त्यावर बोटाने टकटक करून सांगितलं,
"रात्रभर सूं सूं. डोळ्याला डोळा नाही.
पुढच्याला देण्याआधी दुरुस्त करून घ्या."
मी वही उघडली. नऊ नंबर.
तिने चष्मा पुसला, स्वतःचं नाव शोधलं,
आणि मग वरच्या, खालच्या ओळी वाचत राहिली.
बराच वेळ.
बाहेर क्रूसावर एकोणीस अंश, अकरा वाजून चार मिनिटं.
"खोकल्याचं काहीतरी द्या," ती म्हणाली.
"साधंच."