दहावा आठवडा

नऊ आठवड्यांचा कागद अजून फ्रिजवर आहे.
सत्तावीस चौकोन, सत्तावीस फुल्या,
शेवटच्या फुलीवर आनंदानं एक रेघ जास्तच ओढलेली.
त्याखाली कागद संपतो.
त्याखाली दुधाचा हिशेब, गॅसवाल्याचा नंबर.

सलग तीस मिनिटं धावले त्या दिवशी
कानातली बाई म्हणाली, अभिनंदन,
तुम्ही आता धावपटू आहात,
आणि गप्प झाली. कायमची.
कधी चालायचं, कधी धावायचं, तीच सांगायची.
'अजून फक्त साठ सेकंद' असं तिच्याइतक्या मायेनं
माझ्याशी माहेरीही कुणी बोललं नव्हतं.
पण धावपटू झालेल्या बाईनं
दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं
हे तिच्याकडे नव्हतं.

डॉक्टर खर्ड्यांनी रिपोर्ट पाहून चष्मा कपाळावर सरकवला.
साखर उतरली म्हणाले.
साखरेबरोबर कारणही उतरलं.
भीती होती तोवर पाय उचलत होते;
खेळण्याची किल्ली संपावी तसे
जिथल्या तिथे थांबले.

मग सोमवार. मग पुढचा सोमवार.
गजर पावणेसहाचा, मी सव्वासातची.
उजव्या बुटात कुणीतरी कपड्यांचे चिमटे ठेवले.
मी ते काढले नाहीत.

तेविसाव्या दिवशी
शाल्मलीला अहमदाबादच्या गाडीत बसवून
चालत परत येत होते, पायात सपाता.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर चार माणसं वाकलेली,
म्हणून मीही वाकले.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर,
जानेवारीचं ऊन पाठीवर घेऊन, जबडा उघडा,
हालचाल काही नाही.
हिला कुणी तक्ता दिलेला नाही.
हेवा वाटला.
मग वाटलं, भूक लागली की ही तरी धावत असेल.
मला भूक लागली तर
शेवउसळीची गाडी कोपऱ्यावरच.

कमाटीबागेच्या फाटकाशी, नेहमीच्या बाकावर
कानटोपीवाले काका.
नऊ आठवडे मी त्यांच्यासमोरून गेले,
नाव विचारलं नाही, त्यांनीही नाही.
'क्यां हतां, बेन?' म्हणाले.
'त्रण अठवाडियांथी आंगळीओ नवरी बेठी छे.'
बोटं रिकामी बसलीत.
म्हणजे हे माझ्या फेऱ्या मोजत होते!
पेरांवर, कुणी न सांगता.
(नवरी म्हणजे रिकामी.
लग्न होऊन बडोद्याला आले त्याला सव्वीस वर्षं झाली,
अजूनही त्या शब्दाला मला मुंडावळ्या दिसतात.
हसू आलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावरच हसले.
तेही हसले.)

त्यांच्यासाठी धावले असं म्हणणार नाही.
त्यांच्या बोटांची जबाबदारी मी का घ्यावी?
पण दुसऱ्या दिवशी चिमटे दोरीवर गेले.

कानात काही घातलं नाही.
पिंजऱ्यांच्या बाजूनं कुठलंसं जनावर खाकरलं,
माळ्याच्या पाइपाचं पाणी मातीत,
आणि माझाच श्वास, इतका मोठा
की कुणी मागून येतंय असं वाटून
दोनदा वळून पाहिलं.
चौथं मिनिट अजून तसंच आहे.
बरगडीखाली सुई, डोक्यात वकील.
ते कधीतरी सोपं होईल अशी वाट पाहत होते मी.
होत नाही.
पाचवं मात्र येतं.
साठ सेकंद, असं मीच म्हटलं, मराठीत,
आणि फुलांच्या घड्याळापाशी चक्क चालले,
कुणाला न विचारता.

घरी येऊन नवा कागद आखायला घेतला
आणि ठेवून दिला.
दुधाच्या हिशेबातच लिहिलं, पेन्सिलीनं:
मंगळ, दूध एक, धाव.
बुध, दूध दीड.
गुरू, खाडा; दुधाचाही, माझाही.
खाडा पडला म्हणून
रतीब कुणी तोडत नाही.

शुक्रवारी काका नव्हते बाकावर.
मी आपल्याच बोटांवर मोजल्या.
तीन झाल्या. की चार.